केंद्र सात, खुराड्यामागे

यंत्र पुरायला मी गुडघाभर खड्डा खणला
एदुविहिस लेपिचेओच्या परसात, कोंबड्यांच्या खुराड्यामागे.
तिनं विचारलं, काय पुरतोस?
म्हटलं, कान.
मग जरा खोल पूर, ती म्हणाली,
माझा कोंबडा फार बोलतो.

भूकंपाला तेव्हा चार दिवस झाले होते.
चिलीचा हा किनारा एका रात्रीत
कमरेइतका वर उचलला गेला होता.
परवापर्यंत पाण्याखाली असलेले खडक उघडे पडलेले,
आणि त्यांना चिकटून कोचायुयो,
दोरखंडासारखं जाड समुद्री शेवाळ,
उन्हात आधी पिवळं, मग पांढरं,
मग नुसता वास.
तीस वर्षं ती हेच कापत आली होती,
वाळवून, मोळ्या बांधून, बसच्या टपावर टाकून बाजारात.
आता विळा तिच्या हातात होता
आणि समुद्र पलीकडे.

मी तिला टेबलावरच्या दोन पावांनी समजावलं:
हा नाझ्काचा तळ, हा तुमच्या पायाखालचा देश.
तळ आत शिरतो,
नखं वाढतात त्याच्या दुप्पट वेगानं.
मध्येच अडकतो. शंभर वर्षं अडकून राहतो,
वरच्याला दाबत, वाकवत.
मग एकदम सुटतो.
"ओनोफ्रेसारखा," ती म्हणाली,
आणि तिनं वरचा पाव मला खायला दिला.

ओनोफ्रे त्या रात्री बोट सोडवायला खाली गेला होता.
बोट चौथ्या दिवशी टेकडीवर मिळाली, पाइनच्या झाडांत,
वल्ही जशीच्या तशी बांधलेली.

रात्री तंबूत मी धक्के मोजायचो.
नियम सोपा आहे, कुठल्याही पोराला कळेल:
दहाव्या दिवशी पहिल्या दिवसाचा दहावा हिस्सा,
शंभराव्या दिवशी शंभरावा.
कमी होतात, होत राहतात,
शून्य काही होत नाहीत.
आणि मोठा कुठला, मागचे कुठले,
हे नेहमी मागाहून ठरतं.
उद्या याहून थोरला आला
तर हा, ज्यानं अर्धं गाव नेलं,
आमच्या वहीत नुसती नांदी ठरेल.
हे मी तिला सांगितलं नाही.
तीही विचारत नव्हती.

केंद्र सातच्या नोंदीत मात्र
रोज रात्री तीनच्या सुमाराला बारीक टोचे.
बावीस. थांबा. पुन्हा बावीस.
वाटलं, उथळ धक्क्यांची माळ सापडली;
हात थरथरले माझे, खरं सांगतो, लेखाचं नावही सुचलं.
पण केंद्र सहाला काही नाही, आठला काही नाही.
जे एकाच कानाला ऐकू येतं
ते पृथ्वीचं नसतं.

पावलं होती ती.
चुलीपासून फाटकापर्यंत बावीस.
फाटकाशी उभं राहणंही मोजता येत होतं:
बाराव्या रात्री एकोणीस मिनिटं,
चाळिसाव्या रात्री अकरा,
एक्केचाळिसाव्या रात्री उजाडेपर्यंत.
मी आलेख काढून पाहिला.
कुठलाच नियम बसेना.

आमच्याकडे याला गोंगाट म्हणतात.
गाळायला चाळणी असते, एका ओळीची.
छापलेल्या लेखात केंद्र सात स्वच्छ आहे.
न गाळलेली एक प्रत माझ्याकडे आहे,
कशासाठी ते विचारू नका.

शंभराव्या दिवशी यंत्र उपसलं.
काय ऐकलं एवढ्या दिवसांत? तिनं विचारलं.
म्हटलं, अकरा हजारांच्या वर धक्के.
ती चहाचा कप पुसत राहिली.
"आणि कोंबडा?"
म्हटलं, तोही आहे थोडा.
तिनं माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

तेवढ्यात हललं. फळीवरच्या बशा किणकिणल्या,
दिवा झुलला, कुत्रं उठलं आणि परत बसलं.
आम्ही दोघंही दाराकडे धावलो नाही.
"चार," ती म्हणाली.
यंत्र तर गाडीत बांधलेलं.
"तीन पूर्णांक आठ," मी म्हणालो, उगाच.

जाण्याआधी खड्डा बुजवला, पायानं दाबला.
मी फाटकापर्यंत पोचलो नसेन
तोच एक तांबडी कोंबडी
ती भुसभुशीत माती उकरायला आली.